दोन कविता समोर आल्या की करायचं काय? इंग्रजीच्या तासातली तुलना आणि वर्णन, जरा सोपं करून

नववी-दहावीच्या पोरांना दोन इंग्रजी कविता दिल्या आणि 'कंपेअर करा' म्हटलं की बहुतेक वह्यांत एकच माल निघतो. आधी पहिल्या कवितेचा सारांश, मग दुसरीचा सारांश, आणि तळाला एक ओळ, 'बोथ पोएम्स आर व्हेरी नाइस'. झालं कंपॅरिझन! वर्णन लिहायला सांगा, तिथं पण तसंच, 'द सीन वॉज व्हेरी ब्युटिफुल, देअर वेअर मेनी पीपल', मग तो गोकाकचा धबधबा असो, मंगाईची जत्रा असो नाहीतर बेळगावच्या स्टँडवरची गर्दी असो, वाक्य तेच, फक्त वरचं टायटल बदलतं.

आता शाळेत ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवल्या जातात. कविता पोएट्रीच्या तासाला, वर्णन कंपोझिशनच्या तासाला, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे पोरांना कुणी सांगत नाही. माझं म्हणणं असं की हे एकच काम आहे, दोन बाजूंनी केलेलं. तुलना करताना तुम्ही बघता की लिहिणाऱ्यानं काय निवडलं, आणि वर्णन लिहिताना तीच निवड तुम्हाला करायची असते. म्हणून दोन्ही एकत्र शिकवा, आणि आधी तुलना, मग वर्णन. उलटं केलं तर पोरगं कोऱ्या कागदाकडं बघत बसतं.

कर्नाटकातल्या बेळगाव भागात, खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या मराठी मीडियमच्या शाळांत शिकवणारे, आणि ज्यांची पोरं तिथं शिकतात ते पालक, ह्यांच्यासाठी हे लिहायलोय. आपल्याकडची परिस्थिती जरा वेगळी आहे. मराठी फर्स्ट लँग्वेज, १२५ मार्कांची, मग इंग्रजी, मग कन्नड, आणि गल्लीत ह्या तिन्हींची मिसळ. पोरगं घरात मराठी बोलतं, दुकानात कन्नड, आणि इंग्रजी फक्त त्या चाळीस मिनिटांत. अशा पोराला थेट इंग्रजीतून 'काव्यातली तुलना' शिकवायला गेलं की त्याची सगळी ताकद शब्दांचे अर्थ लावण्यात संपते, तुलनेपर्यंत गाडी जातच नाही. मग आपण म्हणतो, पोरांना कळत नाही. कळतं हो, पण एका वेळी दोन ओझी उचलायला लावलीत तर कसं जमणार?

तर पहिली गोष्ट, तुलना म्हणजे काय हे आधी कवितेशिवाय दाखवा. घरात मसाल्याला मिरची आणायची असते तेव्हा आई काय करते? ब्याडगी आणि संकेश्वरी दोन्ही हातात घेते आणि 'दोन्ही लाल आहेत' म्हणून थांबत नाही. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, म्हणून ही एवढी आणि ती तेवढी. ह्यात तुलनेचं सगळं आलं. दोन्हींत सारखं काय ते आधीच माहीत आहे, लाल आहे, मिरची आहे, ते बोलण्यात वेळ घालवायचा नाही. फरक कशात आहे ते बोट ठेवून सांगायचं, आणि त्या फरकानं पुढं काय होतं ते सांगायचं. पोरं पहिलं सांगतात आणि तिसरं विसरतात, दुसरं कधी सांगतात कधी नाही.

मग मराठी कविता घ्या, इंग्रजीच्या तासाला. होय, इंग्रजीच्याच तासाला. हेडमास्तर दारातून डोकावले तरी चालू ठेवा. बालकवींच्या दोन कविता फळ्यावर लिहा, एकाच माणसाच्या, म्हणजे 'हा कवी असा, तो कवी तसा' हे पाठ केलेलं उत्तर येणार नाही. एक 'श्रावणमासी', त्यातल्या ह्या दोन ओळी:

श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे
क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनी ऊन पडे

आणि दुसरी 'औदुंबर', आठच ओळींची, तिच्या पहिल्या दोन:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन

दोन्हींत हिरवळ आहे, दोन्हींत पाणी आहे. आता विचारा, कुठली कविता पळते आणि कुठली हळू चालते? पोरं पटकन सांगतात, श्रावणवाली पळते. कशावरून? इथं थांबायचं, उत्तर आपण द्यायचं नाही. कुणीतरी म्हणतंच, सर 'क्षणात' दोनदा आलंय. बरोबर की! पाऊस आला, ऊन पडलं, एका ओळीत दोन गोष्टी होऊन गेल्या. आणि औदुंबरात? झरा वाहतो, पण कुठं पोचायची घाई नाही, बेटाबेटांतून वळणं घेत चाललाय, आणि 'बेटाबेटांतुन' हा शब्दच लांब आहे, तोंडाला पण वेळ लागतो. बस, एवढी चर्चा झाली की तुलना म्हणजे काय हे पोरांना कळलेलं असतं, नाव कळलं नाही तरी चालेल.

मग इंग्रजीकडं. दोन कविता अशा घ्यायच्या की विषय तोच पण माणसं वेगळी. माझी आवडती जोडी डॅफोडिलची आहे, एक रॉबर्ट हेरिकची १६४८ साली पुस्तकात आलेली, दुसरी वर्ड्सवर्थची १८०७ ची. वर्ड्सवर्थची बहुतेकांना माहीत असते, हेरिकची कमी. डॅफोडिल आपल्या पोरांनी बघितलेलं नसतं, मोबाइलवर फोटो दाखवा आणि सांगा, कंदातून येणारं पिवळं फूल, तिकडची थंडी संपताना, मार्च-एप्रिलच्या सुमारास फुलतं. आपल्याकडं पावसाळ्याच्या शेवटाला घाटमाथ्यावर सोनकी फुलून माळ पिवळा होतो, तो ज्यानं बघितलाय त्याला दहा मिनिटं समजावायची गरज नाही.

हेरिकची सुरुवात अशी: 'फेअर डॅफोडिल्स, वी वीप टू सी, यू हेस्ट अवे सो सून'. म्हणजे अहो फुलांनो, तुम्ही इतक्या लवकर निघालात हे बघून आम्हाला रडू येतंय. अजून सूर्य डोक्यावर पण आलेला नाही. थांबा, थांबा, निदान संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत तरी थांबा, मग आपण मिळून प्रार्थना करू आणि आम्ही पण तुमच्याबरोबर येऊ. हा हेरिक स्वतः डेव्हनमधल्या एका गावात पाद्री होता, म्हणून संध्याकाळ म्हटली की त्याला चर्चची प्रार्थना आठवते, आपल्याला दिवेलागण आठवली असती. दुसऱ्या कडव्यात तो म्हणतो, आमचं पण तुमच्यासारखंच आहे, थोडाच वेळ, आम्ही पण वाळून जाणार, उन्हाळ्यातल्या पावसासारखे, सकाळच्या दवासारखे, परत कधी न सापडणारे.

वर्ड्सवर्थ मात्र एकटाच भटकतोय, ढगासारखा, आणि अचानक तळ्याकाठी फुलांचा थवाच्या थवा दिसतो, वाऱ्यावर नाचणारा. तो खूश. आणि मग खूप दिवसांनी घरात कोचावर आडवा पडलेला असताना ती फुलं मनात परत येतात आणि मन त्यांच्याबरोबर नाचतं.

आता पोरांना 'कवितेचा आशय लिहा' अजिबात सांगायचं नाही. एक प्रश्न विचारायचा. कोण कुणाशी बोलतंय? हेरिक फुलांशी बोलतोय, 'यू' म्हणतोय. वर्ड्सवर्थ फुलांबद्दल आपल्याशी बोलतोय. इथं इंदिरा संतांची 'गवतफुला' आठवली तर जरूर म्हणून दाखवा, तिथं पण फुलालाच हाक मारलीय. इंदिराबाई आपल्या बेळगावच्या, इथंच शिक्षकांना शिकवण्यात त्यांची नोकरी झाली, आणि आपल्याच पोरांना हे माहीत नसतं ह्याचं मला दर वर्षी नव्यानं वाईट वाटतं. असो. मुद्दा असा की फुलाशी थेट बोललं की फूल माणसासारखं होतं, जाणाऱ्या पाहुण्याला 'थांबा की जरा' म्हणावं तसं हेरिक म्हणतोय. फुलांबद्दल बोललं की फूल लांब राहतं आणि बोलणारा माणूस मोठा होतो, म्हणून वर्ड्सवर्थच्या कवितेत शेवटी फुलांपेक्षा त्याचं स्वतःचं मन जास्त दिसतं. आणि हेरिक 'वी' म्हणतो, आपण सगळे, तर वर्ड्सवर्थ 'आय'. हे एवढंसं सर्वनाम, ग्रामरच्या तासाला पोरं ते कंटाळून गिरवतात, इथं त्याच्यावर अख्खी कविता उभी आहे.

दुसरा प्रश्न, फुलांना कशासारखं म्हटलंय? हेरिक फुलांना आणि आपल्याला एकाच रांगेत बसवून म्हणतो पाऊस, दव. वर्ड्सवर्थ म्हणतो तारे, 'कंटिन्यूअस अ‍ॅज द स्टार्स दॅट शाइन'. इथं पोरं लगेच 'सिमिली', म्हणजे उपमा, म्हणून ओरडतात, आणि परीक्षेत फिगर ऑफ स्पीच ओळखली की मार्क मिळतो म्हणून तेवढ्यावर समाधानी होतात. नाव ओळखणं म्हणजे दारावरची पाटी वाचणं झालं, आत कुणी गेलंच नाही. आत जायचं असेल तर विचारा, दवाचं पुढं काय होतं? वाळतं. ताऱ्यांचं? ते उद्या पण असतात. म्हणजे एकाला फूल संपणारं वाटतं आणि दुसऱ्याला राहणारं. फूल तेच! हा फरक पोरांच्या तोंडातून निघाला की वर्गात जरा वेळ कुणी बोलत नाही, मग मागचा कुणीतरी विचारतो, मग खरं कोण सर? ह्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, त्यालाच लिहायला लावा.

तिसरं म्हणजे कविता कागदावर कशी दिसते. हेरिकची दोन कडवी, दहा-दहा ओळींची, पण ओळी कमी-जास्त, मधेच एखाद्या ओळीत फक्त 'स्टे, स्टे', मधेच 'वी डाय' एवढंच. वाचताना दम तुटतो. वर्ड्सवर्थची चार कडवी, सहा-सहा ओळींची, सगळ्या ओळी जवळजवळ सारख्या लांबीच्या, चालायला निघालेल्या माणसासारख्या एका लयीत. एका पोराला मोठ्यानं वाचायला लावा आणि बाकीच्यांना बाकावर ठेका धरायला सांगा. हेरिकला ठेका चुकतो, तिथं ओळ लहान आहे. का लहान केली असेल? कारण वेळच कमी आहे असं तो म्हणतोय. अर्थ आणि आकार एकाच दिशेला जातात हे एकदा कानानं पकडलं की पोरगं ते विसरत नाही, मग मीटरची, म्हणजे छंदांची, नावं नाही आली तरी माझं काही म्हणणं नाही.

आता लिहायची वेळ. नियम एकच, एका परिच्छेदात एक मुद्दा आणि त्यात दोन्ही कविता. आधी ही कविता पूर्ण, मग ती कविता पूर्ण, हे बंद. मुद्दा मराठीत बोलून झाला की इंग्रजी वाक्य साधं असलं तरी पुरतं: 'हेरिक स्पीक्स टू द फ्लॉवर्स, बट वर्ड्सवर्थ स्पीक्स अबाउट देम.' मग पुढचं, 'हेरिक कंपेअर्स देम अँड अस टू ड्यू, विच ड्राइज. वर्ड्सवर्थ कंपेअर्स देम टू स्टार्स, विच स्टे.' बघा, ह्यात एक पण अवघड शब्द नाही, आठवीचं पोरगं लिहू शकतं, आणि तरी हे उत्तर गाइडमधल्या 'द पोएट बीइंग अ ग्रेट लव्हर ऑफ नेचर' पेक्षा कितीतरी पुढचं आहे. 'बट', 'व्हाइल', 'व्हेअरअ‍ॅज' हे तीन शब्द फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर राहू द्यात, पुसायचे नाहीत.

इथून वर्णनाकडं जायला एक भारी पूल आहे आणि तो ह्याच डॅफोडिलमध्ये आहे. वर्ड्सवर्थ म्हणतो मी एकटाच भटकत होतो. तो एकटा नव्हता! १५ एप्रिल १८०२ ला तो आणि त्याची बहीण डोरोथी अल्सवॉटर नावाच्या तळ्याकाठनं चालले होते आणि ती फुलं दोघांनी बघितली. डोरोथी डायरी लिहायची, तिनं त्या दिवसाचं लिहून ठेवलंय. वारा एवढा जोराचा होता की परत फिरावं असं त्यांना वाटलं होतं. काही फुलं शेवाळलेल्या दगडांवर डोकं टेकून पडली होती, दमून उशीवर डोकं ठेवावं तशी, आणि बाकीची हेलकावे खात, झोकांड्या खात नाचत होती. भावानं कविता नंतर लिहिली, दोन वर्षं मधे गेली, आणि त्यानं वाऱ्याचा त्रास काढून टाकला, बहिणीला काढून टाकलं, दमलेली फुलं काढून टाकली, फक्त नाचणारी ठेवली. एवढ्यावर पण थांबला नाही. १८०७ च्या पुस्तकात 'डान्सिंग डॅफोडिल्स' होतं ते १८१५ ला 'गोल्डन डॅफोडिल्स' केलं, आणि ताऱ्यांचं ते आख्खं कडवं तर १८१५ लाच घातलंय.

पोरांना हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया, म्हणजे खोटं लिहिलं की त्यानं! मला ही प्रतिक्रिया फार आवडते, कारण तिथून वर्णन म्हणजे काय हे सुरू होतं. जे दिसलं ते सगळं लिहिणं म्हणजे वर्णन नव्हे, ती यादी. त्याला एकटेपणाची कविता करायची होती म्हणून बहीण गेली. डोरोथीला त्या दिवसाची नोंद ठेवायची होती म्हणून दमलेली फुलं राहिली. आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर पोरांना वर्णन शिकवायला कवितेपेक्षा डोरोथीची ती डायरीच जास्त उपयोगी, कारण तिथं एक फूल दुसऱ्या फुलापेक्षा वेगळं वागतंय, सगळी एकाच वेळी नाचत नाहीत.

आता आपलं पोरगं काय करतं बघू. विषय, पावसाळ्यातलं शेत. खानापूर साइडला ह्याच्याइतका ओळखीचा विषय नाही, अर्धी पोरं जून-जुलैत रोप लागणीला स्वतः चिखलात असतात. आणि वहीत लिहितात, 'द फार्मर इज द बॅकबोन ऑफ इंडिया. द फील्ड इज ग्रीन अँड ब्युटिफुल. फार्मर्स आर वर्किंग हार्ड.' जो पोरगा काल गुडघाभर चिखलात होता त्याच्या वाक्यात चिखलाचा थेंब नाही! त्याला वाटतं इंग्रजीत असंच लिहायचं असतं, त्याच्या शेताचं इंग्रजी होतच नाही.

त्याला चार प्रश्न विचारा, मराठीत, बोलत बोलत. तू कुठं उभा आहेस? बांधावर. जवळ काय आहे? आजी. ती काय करायलीय? रोप लावायलीय. असं नको, हात काय करायलेत ते सांग. मग तो सांगतो, डाव्या हातात रोपांची पेंडी आहे, उजव्या हातानं दोन-तीन काड्या काढायच्या आणि चिखलात खोचायच्या, आणि मागं मागं सरकायचं. पुढं नाही? नाही सर, पुढं गेलं तर लावलेलं तुडवतंय की. बघा, हे वाक्य कुठल्याच गाइडमध्ये नाही. शेतकरी मागं सरकत काम करतो हे ज्यानं बघितलं नाही त्याला सुचणारच नाही. ह्याचं इंग्रजी करायला किती येतं? 'आजी स्टेप्स बॅकवर्ड इन द मड. हर फिंगर्स नेव्हर स्टॉप. इन फ्रंट ऑफ हर द फील्ड टर्न्स ग्रीन, लाइन बाय लाइन.' तीन वाक्यं, सगळे शब्द सातवीचे. आणि 'आजी' ला 'ग्रँडमदर' करायची काही गरज नाही, तिथं आजीच हवी.

ह्याच वेळी 'औदुंबर' परत काढायची, आता पूर्ण. आधी तुलनेला वापरली, आता नमुना म्हणून. पोरांना दोन रंगांचे खडू द्या आणि फळ्यावर एका रंगानं विशेषणं, दुसऱ्यानं क्रियापदं अधोरेखित करायला लावा. विशेषणं बघा, निळासावळा झरा, चिमुकलं गाव, पांढरी पायवाट, हिरवं कुरण, काळा डोह, जास्त करून नुसते रंग. 'सुंदर' हा शब्द आठ ओळींत कुठंच नाही. आणि क्रियापदं? झरा वाहतो, पायवाट 'अडवीतिडवी पडे' आणि पुढं डोहाकडं चालत निघते, आणि शेवटी तो औदुंबर पाण्यात पाय टाकून बसतो. झाड उभं असतं, बालकवी म्हणतात बसलंय. सगळी गंमत त्या एका क्रियापदात आहे.

आणि क्रम बघा. आधी झरा, मग टेकडीकडचं गाव, मग शेतमळे, मग पायवाट, ती पायवाट धरून आपण खाली डोहापाशी येतो आणि तिथं झाड. नजर कुठं उडी मारत नाही, वाट धरून येते. पोरांच्या वर्णनात नजर माकडासारखी उड्या मारते, आभाळ, चप्पल, पक्षी, भजी, परत आभाळ. त्यांना एवढंच सांगा की लांबून जवळ या किंवा जवळून लांब जा, पण रस्ता एक धरा.

पंचेंद्रियांबद्दल थोडं. हल्ली यूट्यूबवर सगळे सांगतात की वर्णनात पाचही इंद्रियं आली पाहिजेत, मग पोरं स्टँडच्या वर्णनात बसची चव पण लिहितात. नको. दोन पुरेत, त्यातलं एक डोळा सोडून असू दे. रोप लागणीत आवाज आहे, पाय चिखलातून उपसताना येणारा तो पचक् आवाज, तो एक घेतला तरी काम भागतं. आणि शेवटाकडं काहीतरी बदलू दे, छोटंसं, पाऊस उघडला, भाकरीची बुट्टी आली, दिवे गेले. नाहीतर वर्णन फोटोसारखं एका जागी अडकतं आणि पोराला संपवायचं कळत नाही, मग ते 'आय विल नेव्हर फर्गेट धिस डे' लिहून मोकळं होतं.

वर्गात मी एक बंदी घालायला सांगेन, 'ब्युटिफुल', 'नाइस', 'व्हेरी' आणि 'मेनी' ह्या चार शब्दांवर, महिनाभर. सुरुवातीला पोरांचं तोंड उतरतं कारण त्यांच्या अर्ध्या वाक्यांचा पायाच गेला. पण मग 'मेनी पीपल' ऐवजी लिहावं लागतं की कोण होतं, आणि तिथं मिरच्या विकणारी मावशी, कन्नडमध्ये भाव करणारा गडी आणि त्याला मराठीत उत्तर देणारा दुकानदार आपोआप येतात.

आता परीक्षा, कारण पालक शेवटी तेच विचारणार. इंग्लंडमध्ये ही तुलना आणि हे वर्णन दोन्ही सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेचा मोठा भाग आहे. तिथल्या एक्यूए बोर्डाच्या पेपरात, पोरांनी पंधरा कवितांचा एक गट आधीच केलेला असतो, पेपरात त्यातली एक छापून येते आणि दुसरी पोरानं स्वतः आठवून निवडायची आणि तुलना करायची, ३० मार्क. आणि भाषेच्या पहिल्या पेपरात वर्णन किंवा गोष्ट लिहायला ४० मार्क, त्यातले २४ काय लिहिलं आणि कसं मांडलं ह्याला, १६ स्पेलिंग, विरामचिन्हं, ग्रामर ह्यांना. आपल्या एसएसएलसीत, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत, एवढं मोठं काही नसतं, कवितेवरचे प्रश्न, पाठांतराच्या ओळी आणि चित्र बघून वर्णन, असं छोटं-छोटं येतं. पण ते २४ आणि १६ चं प्रमाण मला फार विचार करण्यासारखं वाटतं. आपल्या तपासलेल्या वहीत लाल शाई कुठं असते बघा, सगळी स्पेलिंगवर. 'बॅकवर्ड' चं स्पेलिंग चुकलं म्हणून गोल केला, आणि आजी मागं सरकते हे वाक्य किती भारी आहे ह्यावर एक टिक पण नाही. पुढच्या वेळी तो पोरगा परत 'बॅकबोन ऑफ इंडिया' लिहितो, त्याचं स्पेलिंग त्याला पाठ असतं.

सराव कशावर करायचा? बाहेरून कविता आणायला वेळ नसेल तर दहावीच्या पुस्तकात तयार जोडी पडलेली आहे, वि. कृ. गोकाकांची 'द साँग ऑफ इंडिया' आणि मरीना द बेलाजेंटाची 'आय अ‍ॅम द लँड'. पोरांनी दोन्ही केलेल्या असतात, फक्त कुणी शेजारी ठेवलेल्या नसतात. दोन्ही भूमीबद्दल. गोकाकांच्या कवितेत कवी विचारतो की आई, तुझं कुठलं गाणं गाऊ, आणि आई उलट त्यालाच विचारते, म्हणजे संवाद आहे, आणि आईला नुसत्या हिमालयाचं, समुद्राचं कौतुक पुरत नाही, तिला तिच्यातलं दुःख पण गाण्यात हवंय. दुसरीत जमीन स्वतःच बोलते, समोरच्याला 'यू' म्हणते आणि पुन्हा पुन्हा एकच सांगते की मी वाट बघतेय. एकीत बोलणारे दोन, दुसरीत एकच, आणि समोरचा ऐकतोय की नाही ते पण माहीत नाही. तो कुंपण घालणारा, विकत घेणारा 'यू' कोण हे विचारलं की येळ्ळूर-मच्छे भागातल्या पोरांना लांब जावं लागत नाही, बायपासमध्ये शेत जाणार ही चर्चा त्यांनी घरात ऐकलेली असते. तेच आधी बोलू द्यात, मराठीत, कन्नडमध्ये, जमेल तसं. मग 'बट' आणि 'व्हाइल' घालून चार वाक्यं लिहायला सांगा. आणि घरी जाऊन आपल्या शेताचं किंवा परड्याचं वर्णन आठ ओळींत, 'ब्युटिफुल' न वापरता, बांधावर उभं राहून. ज्याच्याकडं शेत नाही त्यानं गच्चीवरून दिसणारी गल्ली घ्यावी, आजूबाजूची घरं एक-एक करत जवळ येत जायची आणि शेवटी आपल्याच दारात काय पडलंय ते लिहायचं.